पडद्याआडची पोथी : शिंदखेडा परिसरातील इतिहासमुद्रण आणि टेलिप्रॉम्प्टरची निवड

१

इतिहाससंशोधनाच्या साधनांत दप्तरे, शिलालेख, नाणी आणि मौखिक परंपरा यांच्या पंक्तीस ध्वनिचित्रमुद्रण येऊन बसले, त्यास आता बराच काळ लोटला आहे. विद्यापीठांचे विभाग आपली व्याख्याने मुद्रित करून ठेवतात, ऐतिहासिक स्थळी जाऊन तेथील वृत्तांत चित्रित करतात, आणि वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून जतन करू पाहतात. हे कार्य हाती घेताच एक प्रश्न उपस्थित होतो. बोलणाऱ्याने आठवून बोलावे की पाहून वाचावे? पाहून वाचावयाचे ठरले, तर कॅमेऱ्याकडे दृष्टी ठेवून मजकूर वाचण्याची सोय करणारे जे टेलिप्रॉम्प्टर नावाचे यंत्र, ते कोणते घ्यावे?

हा प्रश्न सामान्यतः खरेदी-विभागाचा समजला जातो. पडदा किती इंची, काच कशी, किंमत किती, एवढ्याचा विचार झाला की निवड झाली असे मानण्यात येते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून थोडे निराळे आहे. यंत्र निवडण्यापूर्वी वक्ता निवडावा लागतो. कोणी वाचावयाचे आणि कोणास वाचावयास लावू नये, याचा निर्णय झाल्यावाचून कोणते यंत्र योग्य हे ठरू शकत नाही. हा निर्णय चुकला तर हानी केवळ चित्रीकरणाची होत नाही, इतिहासाचे साधनच दूषित होते. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात घडलेली एक प्रसिद्ध घटना उदाहरणादाखल घेऊन हे पाहावयाचे आहे.

२

मजकूर समोर ठेवून बोलणे आपल्याकडे नवे नव्हे. पुराणिक पोथी उघडी ठेवून निरूपण करतो; कीर्तनकार पोथीवाचून उभा राहतो. दोहोंतील भेद श्रोत्यांस दिसत असतो आणि त्याप्रमाणे ते प्रत्येकाच्या शब्दास वजन देतात. पुराणिकाच्या शब्दामागे पोथीचा आधार असतो, कीर्तनकाराच्या शब्दामागे त्याची स्वतःची स्मृती व प्रतिभा असते. मराठी रंगभूमीवर एक तिसराही होता. विंगेत वही घेऊन बसणारा आणि नट अडखळला की हलक्या आवाजात पुढचा शब्द पुरवणारा तो प्रॉम्प्टर. त्याचा आवाज प्रेक्षागृहात जाऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. टेलिप्रॉम्प्टर हा या तिसऱ्याचा वंशज होय. पोथी तर आहे, परंतु ती श्रोत्यांस दिसू नये, ही त्याची मूळ अट.

यंत्राचा जन्मही रंगभूमीच्याच निकडीतून झाला. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर रोज नवे संवाद पाठ करण्याचा भार नटांवर पडू लागला, तेव्हा फ्रेड बार्टन या नटाच्या कल्पनेवरून ह्यूबर्ट श्लॅफ्ली व अर्व्हिंग कान यांनी कागदाची गुंडाळी विजेच्या मोटारीने सरकवणारे यंत्र सिद्ध केले. ४ डिसेंबर १९५० रोजी सी. बी. एस. वाहिनीवरील एका मालिकेत ते प्रथम वापरण्यात आले. आरंभी ही गुंडाळी कॅमेऱ्याच्या बाजूस असे. त्यामुळे वाचणाऱ्याची नजर किंचित वळलेली दिसे. पुढे जेस ऑपेनहायमर या निर्मात्याने भिंगाच्या पुढेच तिरपी काच बसवून तीत अक्षरांचे प्रतिबिंब पाडण्याची युक्ती योजिली आणि १९५३ च्या सुमारास ती प्रत्यक्षात आली. येथून पोथी खऱ्या अर्थाने अदृश्य झाली. १९८२ साली गुंडाळीची जागा संगणकाने घेतली, तरी तिरप्या काचेची रचना आजतागायत तीच आहे.

राजकारणी पुरुषांनी हे यंत्र तत्काळ उचलले. १९५२ साली शिकागो येथील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात माजी अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी त्याच्या साहाय्याने भाषण केले. त्याच वर्षीच्या प्रचारात आयझेनहॉवर यांच्या भाषणाच्या वेळी यंत्र त्यांच्या गतीने सरकेना, आणि त्यांचा त्रागा श्रोत्यांच्या कानी गेला. निवडीच्या दृष्टीने हा प्रसंग बोधप्रद आहे.  दोष होता तो वक्ता आणि यंत्र चालवणारा यांच्या मेळात.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथील पहिल्या काळातील मराठी वृत्तनिवेदकांत स्मिता पाटील होत्या. त्यांचे घराणे शिरपूरचे, म्हणजे शिंदखेडा तालुक्याच्या उत्तरेस तापीपलीकडले. त्या काळी निवेदक हातातील कागद पाहून बातमी वाचीत आणि वाक्याच्या अखेरीस दृष्टी वर करीत. ती वर उठणारी व पुन्हा खाली जाणारी दृष्टी प्रेक्षकास न सांगता सांगे, की हे वाचन आहे. पुढे प्रॉम्प्टर आल्यावर ही खूण नाहीशी झाली. निवेदन अधिक सफाईदार झाले खरे; परंतु कोणते बोलणे वाचलेले व कोणते स्वयंस्फूर्त, हे ओळखण्याचे एक साधन प्रेक्षकाबरोबरच भावी इतिहासकाराच्याही हातून गेले.

३

आता उदाहरणाकडे वळू. सोनगीरहून दोंडाईच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिंदखेडा तालुक्यात चिमठाणे हे गाव आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना या गावाजवळ क्रांतिकारकांनी हस्तगत केला. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये होती. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. लाड व नागनाथअण्णा नायकवडी यांचा तीत पुढाकार होता आणि खानदेशातील कार्यकर्त्यांचे त्यांस साहाय्य होते. लाड २०११ मध्ये व नायकवडी २०१२ मध्ये निवर्तले. घटनेच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूलही आज नव्वदीच्या पुढे गेलेले असणार. म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्यांची साक्ष जवळजवळ संपली असून, यापुढे ज्यांनी आईवडिलांकडून ऐकले त्यांचीच साक्ष मिळावयाची आहे.

समजा, एखाद्या विभागाने या घटनेवर अर्ध्या तासाचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचे योजिले. त्यात तीन प्रकारचे बोलणे येईल. पहिले, अभ्यासकाचे निवेदन. त्यात तिथी, रकमा, नावे व सरकारी कागदांतील उतारे यांचा भरणा असतो आणि तेथे एका शब्दाची चूक चालत नाही. दुसरे, अभ्यासकाने घटनास्थळी उभे राहून केलेले वर्णन. तिसरे, गावातील वृद्धांनी अगर सहभागी घराण्यांतील व्यक्तींनी सांगितलेली आठवण. पहिल्यास प्रॉम्प्टर उपकारक आहे, दुसऱ्यास मर्यादेत उपयुक्त आहे, आणि तिसऱ्यास तो वर्ज्य मानला पाहिजे.

वर्ज्य का, हे एका शब्दावरूनही दिसेल. साताऱ्याकडील कथनांत ही घटना बहुधा ‘धुळ्याचा खजिना’ या नावाने येते. खानदेशात तिची ओळख ‘चिमठाणे’ या गावाच्या नावाने आहे. निवेदनाची संहिता बाहेरून लिहून आली आणि तीच चिमठाण्याच्या माणसापुढे काचेवर धरली, तर तो मुकाट्याने ‘धुळ्याचा खजिना’ असे वाचील. ‘लूट’ म्हणावयाचे की ‘हस्तगत केला’ म्हणावयाचे, हा निर्णयही त्याच्याऐवजी संहिताकाराने घेतलेला असेल. मुद्रणात मात्र तो माणूस थेट आपल्या डोळ्यांत पाहून बोलत आहे असे दिसेल, आणि पन्नास वर्षांनी एखादा संशोधक त्यास स्थानिक साक्ष म्हणून उद्धृत करील.

४

वक्त्यांचे हे वर्गीकरण मान्य केले म्हणजे यंत्राची निवड पुष्कळ सोपी होते. प्रथम स्टुडिओतील निवेदनाचा विचार करू. येथे अंतर, प्रकाश व हवामान आपल्या अधीन असते.

पहिली परीक्षा काचेची. साधी काच प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करते. तिच्या दोन पृष्ठांमुळे अक्षरे फिकी व दुहेरी दिसतात. यासाठी एका बाजूस लेप दिलेली अर्धपरावर्तक काच घ्यावी लागते. बाजारात ७०/३० व ६०/४० अशी प्रमाणे आढळतात. पहिला आकडा आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा व दुसरा परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा. ७०/३० काचेमुळे कॅमेऱ्याकडे जाणारा प्रकाश सुमारे अर्ध्या स्टॉपने कमी होतो, ६०/४० काचेमुळे सुमारे पाऊण स्टॉपने. विभागाच्या लहान खोलीत दिवे मोजकेच असतात. तेथे ७०/३० काच बरी. काचेची चौकट प्रशस्त असावी, नाहीतर विस्तृत कोनाच्या भिंगात तिची कड दिसू लागते.

दुसरी परीक्षा ओळीच्या रुंदीची. मोठा पडदा म्हणजे उत्तम यंत्र, हा समज अर्धसत्य आहे. काचेवरील ओळ २० सेंटिमीटर रुंद असेल आणि वक्ता २ मीटरवर बसला असेल, तर ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना त्याची दृष्टी सुमारे पावणेसहा अंश फिरते; प्रेक्षकास ते डोळ्यांचे फिरणे दिसते. तोच वक्ता ४ मीटरवर बसविला तर कोन निम्म्यावर येतो. तात्पर्य, प्रथम खोलीची लांबी मोजावी, त्या अंतरावरून वक्त्यास सुखाने वाचता येईल असा अक्षराचा आकार ठरवावा, त्या आकारात तीन-चार शब्दांची ओळ मावेल एवढाच पडदा घ्यावा. चार मीटरच्या खोलीस बहुधा पंधरा इंची पडदा पुरतो. वक्त्यास चष्मा असल्यास तो लावूनच ही परीक्षा घ्यावी.

तिसरी परीक्षा आधाराची. कॅमेरा, भिंग, काच, पडदा व झाकण यांच्या वजनांची बेरीज करावी आणि ट्रायपॉडचे डोके तीहून अधिक भार पेलणारे असावे. पडदा पुढे लोंबत असल्याने केवळ वजन पेलून भागत नाही, समतोलही साधावा लागतो. त्यासाठी कॅमेरा मागेपुढे सरकवता येईल अशी पट्टी हवी. व्यासपीठावर वक्त्याच्या दोन्ही बाजूंस उभ्या काचा लावण्याचा जो निराळा प्रकार आहे तो सभेसाठी होय. कॅमेऱ्याकडे पाहून करावयाच्या निवेदनास तो उपयोगी नाही.

चौथी व सर्वांत दुर्लक्षित परीक्षा चालकाची. यंत्राने वक्त्यामागून जावे, वक्त्याने यंत्रामागून धावू नये. एकट्याने मुद्रण करावयाचे असेल तर पायाने दाबावयाचा किंवा हातात लपणारा नियंत्रक असावा; अन्यथा मजकूर समजणारा एखादा विद्यार्थी चालक म्हणून नेमावा. आयझेनहॉवर यांचा प्रसंग आठवावा. जो पैसा मोठ्या पडद्यावर खर्च करावयाचा, तो चालकाच्या सरावाच्या वेळेवर खर्च झाला तर निवेदन निश्चित सुधारते.

५

बाह्यचित्रीकरणास वरील हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. चिमठाण्याचा स्मृतिदिन १४ एप्रिलला येतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जाणे खानदेशात नित्याचेच आहे. अनेकजण खर्च वाचवण्यासाठी यंत्रात आयपॅड बसवतात. परंतु त्याच्या निर्मात्याने सांगितलेली वापराची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. सावलीतही ती ओलांडली जाते. तापलेले उपकरण प्रथम आपले तेज कमी करते व नंतर बंद पडते. म्हणून या प्रदेशात पडदा घेताना उष्णतेची लेखी मर्यादा विचारूनच घ्यावा.

उन्हाचा दुसरा परिणाम अक्षरांवर होतो. या यंत्रात पडदा आकाशाकडे तोंड करून आडवा असतो आणि त्यावर काच तिरपी. दुपारचे ऊन काचेतून पार होऊन सरळ पडद्यावर उतरते. घरात ३०० निट दीप्तीचा पडदा पुरतो. ७०/३० काचेत वक्त्यास त्यातील सुमारे ९० निटच दिसतात. उघड्यावर हे अगदीच अपुरे. तेथे १००० निट वा त्याहून अधिक दीप्तीचा पडदा व ६०/४० काच घेतल्यास वक्त्याच्या डोळ्यांस सुमारे ४०० निट मिळतात. पाऊण स्टॉपचे नुकसान उन्हात जाणवत नाही. मात्र उन्हातील पांढऱ्या कागदाची दीप्ती कित्येक हजार निट असते, हे लक्षात घेता केवळ तेजस्वी पडद्याने लढाई जिंकता येत नाही. यंत्रावर छत्री धरावी, वक्ता झाडाच्या सावलीत उभा करावा, भिंगाभोवतालचे काळे झाकण फटीविना बसवावे, आणि शक्य तर सकाळी नऊच्या आत अगर सायंकाळी काम उरकावे.

तेजाबरोबर विजेचा प्रश्न येतो. ४० वॅट खर्चणारा पडदा ९५ वॅट-तासांच्या बॅटरीवर हिशेबाने सव्वादोन तासांच्या थोडा पुढे जातो. उष्ण दिवशी त्याहून कमीच धरावे. दोन बॅटऱ्या जवळ असल्यावाचून गाव गाठू नये. पश्चिमेचा वारा सुटला की काळे झाकण शिडासारखे फुगते; ट्रायपॉडच्या पायाशी वाळूची पिशवी बांधावी. धूळ काचेच्या लेपावर बसते, ती कोरड्या फडक्याने घासू नये, प्रथम फुंकणीने उडवावी.

इतके सव्यापसव्य पाहता असेही सुचविता येईल, की स्थळवर्णनासाठी यंत्र नेऊच नये. अभ्यासकाने घटनास्थळी चार टिपणे हातात धरून बोलावे. टिपण दिसले तर बिघडत नाही. पुराणिकाची पोथी दिसतच होती, म्हणून त्याची प्रतिष्ठा कमी झाली नाही.

६

लिपी व भाषा यांचा विचार निवडीच्या याद्यांत बहुधा नसतोच. ही यंत्रे व त्यांच्या आज्ञावल्या रोमन लिपी समोर ठेवून घडल्या. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांट्या व अनुस्वार असतात, खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असतात. दोन ओळींतील अंतर रोमनच्या मापाने ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेस भिडतो. जुन्या टंकांत लिहिलेली संहिता युनिकोड आज्ञावलीत निरर्थक चिन्हांची होते. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी ‘राष्ट्र’, ‘सुऱ्या’, ‘स्वातंत्र्य’, ‘क्रांतिकारकांनी’ अशा शब्दांचा एक परिच्छेद त्यावर उलटा-सुलटा करून चालवून पाहावा. प्रतिबिंबासाठी अक्षरे उलटवताना जोडाक्षर तुटते की काय, ओळ शब्दाच्या मध्येच मोडते की काय, हे तेथेच कळते. संख्या अक्षरांत लिहाव्यात. मराठी अंकांची नावे शंभरापर्यंत बहुतेक स्वतंत्र असल्याने ‘१९४४’ पाहून चव्वेचाळीस म्हणावयास क्षणभर थांबावे लागते, आणि तो क्षण कॅमेरा टिपतो.

अहिराणीचा प्रश्न याहून गहन आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीचा समावेश भिल्ली भाषांसमवेत करण्यात आला. तिच्या स्थानाविषयीचा वाद पुढेही चालू राहिला. वादाचा निकाल काहीही लागो, शिंदखेड्याच्या खेड्यांतील घरगुती बोलणे ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणणारे व ‘माझा’ऐवजी ‘मना’ म्हणणारे आहे. या बोलीचे लेखन सर्वत्र एकसारखे होत नाही. ती काचेवर आणावयाची म्हणजे कोणीतरी तिचे एक लेखन ठरवणे आले. आणि वाचणारा त्या लेखनाबरहुकूम उच्चार करू लागणार. शाळेत प्रमाण मराठी वाचावयास शिकलेला माणूस अक्षरे समोर दिसताच शाळेच्या भाषेत शिरतो. त्याच्या बोलीतील चढउतार, अडखळणे, मध्येच आठवून मागे जाणे, या सर्वांस संशोधकाच्या लेखी मोल आहे, आणि नेमके तेच या यंत्राने पुसले जाते. आवाज ओळखून आपोआप सरकणाऱ्या नव्या आज्ञावल्यांवरही अहिराणीपुरते विसंबू नये.

७

येथे त्याच भाषासर्वेक्षणाचे दुसरे अंग उद्बोधक ठरते. सर्वेक्षणासाठी निरनिराळ्या भाषांतील नमुने मिळवताना बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर सर्वत्र मागविण्यात आले, आणि त्याखेरीज एखादी स्थानिक गोष्ट अगर निवेदनही घेण्यात आले. पुढे झालेल्या ग्रामोफोन मुद्रणांतही ही कथा ठेवली गेली. तुलनेसाठी एकच संहिता असणे सोयीचे होते. तथापि भाषांतरित कथेत मूळ वाक्यरचनेची छाया पडते, स्थानिक गोष्टीत भाषा मोकळी चालते. आजचा अभ्यासक हे दोन नमुने निराळे मानू शकतो, याचे कारण कोणता नमुना कोणत्या रीतीने मिळवला याची नोंद त्या खंडांतच आहे.

हाच दंडक ध्वनिचित्रमुद्रणास लावावा. प्रत्येक मुद्रणाच्या नोंदपत्रात वक्ता वाचत होता की बोलत होता, हे स्पष्ट लिहावे. प्रॉम्प्टर वापरला असल्यास काचेवरील संहिता, तिचा लेखक व अखेरची दुरुस्ती यांसह, मुद्रणाच्या जोडीने जतन करावी. एकाच मुद्रणात दोन्ही प्रकारचे बोलणे असेल तर कोठे वाचन संपते व कोठे आठवण सुरू होते त्याची वेळ नोंदवावी. साक्ष देणाऱ्यासमोर संहिता तर नसावीच, आदल्या दिवशी लिहून दिलेले मुद्देही नसावेत. विचारलेले प्रश्न मात्र मुद्रणात राहू द्यावेत. साक्षीदार तिथी चुकला तर ती चूक तशीच राहू द्यावी आणि दुरुस्ती निवेदकाने काचेवरून वाचावी. काचेची खरी जागा तीच.

या दृष्टीने पाहता शिंदखेडा परिसरात काम करणाऱ्या विभागास एकच मध्यम यंत्र पुरेसे आहे. खोलीच्या लांबीस जुळणारा पडदा, लेप दिलेली चांगली काच, देवनागरी न मोडणारी आज्ञावली, पायाने चालणारा नियंत्रक व सराव केलेला विद्यार्थी. बाहेरच्या कामासाठी महागडा तेजस्वी पडदा घेण्याआधी त्या रकमेत चांगला ध्वनिग्राहक, दोन बॅटऱ्या व चिमठाणे, दोंडाईचा, शिंदखेडा या गावी चार अधिक खेपा घालता येतील काय, याचा विचार व्हावा. ज्यांनी १९४४ चा तो दिवस स्वतः पाहिला त्यांपैकी फारच थोडे उरले असतील; ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकला तेही वृद्ध होत आहेत. त्यांच्यासमोर बसताना काचेची गरज नाही, कान व सवड यांचीच गरज आहे, आणि सवड दिवसेंदिवस कमी होत चालली आहे.